डब्यात अळ्या येतात कुठून, आणि येऊ नयेत म्हणून काय करायचं?

आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं काम गेली काही वर्षं मी पाहते. एप्रिल उजाडला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून माझ्या दारात येते. "डबा रोज धुते, झाकणही घट्ट बसतं, तरी सकाळी उघडला तर अळ्या वळवळत होत्या." "आमच्याकडे मासमच्छी शिजत नाही, मग अळ्या कशा झाल्या?" कुणी विचारतं, फिनेल ओतू की फवारा मारू? ज्यांनी गच्चीत खताचा डबा ठेवलेला असतो, ते तर हादरून जातात आणि सगळं टाकून द्यायच्या तयारीत असतात.

तुम्हालाही यातलाच एखादा प्रश्न पडला असेल, तर आधी एवढं लक्षात घ्या. माशीला अंडी घालायला ओल लागते आणि त्या अंड्यांच्या अळ्या व्हायला साधारण एक दिवस लागतो. ओल काढून घ्या, नाही तर तो दिवस काढून घ्या. झाकण, वास, फवारे हे सगळं त्यानंतरचं. बहुतेक घरांत सुरुवातच फवाऱ्यापासून होते, म्हणून दर उन्हाळ्यात तेच दुखणं पुन्हा उभं राहतं.

झाकण लावूनही अळ्या कशा?

कचरा कुजला की त्यातून अळ्या आपोआप होतात, असं आजही अनेकांना वाटतं. तसं होत नाही. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने १६६८ मध्ये मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवून हे दाखवून दिलं होतं. उघड्या भांड्यात अळ्या झाल्या. तोंडाला तलम कापड बांधलेल्या भांड्यातल्या मांसात झाल्या नाहीत, मात्र वासाने आलेल्या माशांनी कापडावरच अंडी घातली. आपल्या डब्याचंही तेच होतं. झाकणाच्या कडेला, बिजागरीत किंवा पिशवीच्या गाठीवर जिथे रस ओघळून चिकटलेला असतो, तिथे माशी बाहेरूनच अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की झाकणाच्या फटीतून सहज आत शिरते.

पण माझ्या अनुभवात त्याहून मोठं कारण वेगळं आहे. अंडी बहुतेक वेळा कचरा डब्यात जाण्याआधीच घातली गेलेली असतात. दुपारी जेवण झालं, आंब्याच्या साली आणि कोयी ताटातच राहिल्या, ताटं सिंकमध्ये पडून राहिली आणि चार वाजता भांडी घासताना ते खरकटं डब्यात गेलं. त्या दोन-तीन तासांत माशीचं काम झालेलं असतं. नंतर झाकण कितीही घट्ट लावलं तरी आपण अंडी आत कोंडून त्यांना ऊब आणि ओल पुरवत असतो.

घरात दिसणारी साधी माशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. पांढरी, तांदळाच्या कणीहूनही बारीक. उन्हाळ्यात ती एका दिवसाच्या आत फुटतात. अळी चार ते सात दिवस खाते, मग कोरडी जागा शोधत डब्यातून बाहेर पडते आणि एखाद्या सांदीत तिचा तपकिरी कोष होतो. अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा सगळा प्रवास कडक उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांत पुरा होऊ शकतो. डबा रिकामा असतानाही फरशीवर अळ्या कुठून येतात, याचं उत्तर यात आहे. त्या डब्याखालच्या चिकट वर्तुळातून किंवा डब्यामागच्या सांदीतून येतात.

कोणती माशी आहे ते आधी बघा

सगळ्या माशांवर एकच इलाज चालत नाही.

- घरमाशी : करड्या रंगाची. खरकटं, भाज्यांची सालं, शेण, मैला यांवर बसते. अळ्या पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या, वाढल्यावर सुमारे एक सेंटीमीटरच्या.
- हिरवी-निळी चमकणारी माशी : मासळी, मटण, मेलेला उंदीर यांचा वास हिला लांबून लागतो. ही अचानक घरात घोंगावू लागली आणि घरात मासळी नसेल, तर माळ्यावर किंवा कपाटामागे काही मेलं आहे का ते शोधा.
- अंगावर पट्टे असलेली मोठी करडी माशी : ही अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच सोडते. "दोन तासांपूर्वी काही नव्हतं हो" असं लोक सांगतात, ते हिच्यामुळे खरं असू शकतं.
- चिलटं : पिकलेली केळी, आंबे, फसफसलेला रस यांवर. ही डब्यापेक्षा फळांच्या टोपलीतून जास्त येतात.
- मोरीतली केसाळ, पतंगासारखी बारीक माशी : हिचा कचऱ्याशी संबंध नाही. जाळीखालच्या शेवाळी थरात ही वाढते. जाळी काढून ब्रशने तो थर खरवडा आणि वरून गरम पाणी ओता. डबा बदलून उपयोग होणार नाही.

डबा कसा असावा

इथे मी बऱ्याच जणांच्या मनाविरुद्ध सांगते : ओल्या कचऱ्याचा डबा लहान घ्या. चार-पाच जणांच्या घराला पाच ते सात लिटरचा डबा पुरतो. डबा मोठा असला की तो भरेपर्यंत थांबायचा मोह होतो, आणि तळाचा कचरा तीन दिवस तसाच राहतो. लहान डबा रोज रिकामा करावाच लागतो.

पायाने उघडायचा डबा वापरत असाल, तर आतली बादली आज बाहेर काढून मधल्या पोकळीत बघा. बादली आणि बाहेरचा डबा यांच्यामध्ये ओघळलेला रस साचतो आणि तिथे महिनोन्‌महिने कुणाचा हात पोहोचत नाही. "रोज धुते" म्हणणाऱ्या कितीतरी घरांत अळ्यांचं मूळ मला याच पोकळीत सापडलं आहे.

डबा ठेवायची जागाही महत्त्वाची. गॅलरीत दुपारचं ऊन पडतं तिथे बंद प्लास्टिकचा डबा ठेवला, तर आत वाफ धरते, झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळतात आणि कचरा शिजल्यासारखा होतो. सिंकखालचा पाइप गळत असेल, तर तीही जागा नको. सावलीची, कोरडी, वारा लागणारी जागा बघा, आणि डबा जमिनीवर टेकवण्याऐवजी दोन विटांवर किंवा छोट्या स्टँडवर ठेवा, म्हणजे खालची फरशी पुसता येईल.

रोजची पद्धत

१. आधी निथळू द्या. सिंकमध्ये भोकांची चाळणी किंवा जुनं गाळणं ठेवा. खरकटं, चहाचा चोथा, तांदूळ-डाळ धुताना राहिलेले कण, सगळं आधी त्यात. पाणी गळून गेल्यावरच डब्यात टाका. रस्सा, ताक, आमटी डब्यात ओतू नका. डब्याच्या तळाशी साचलेलं पाणी हेच अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ आहे.

२. तळाशी रद्दी घाला. वर्तमानपत्राची दोन पानं एकमेकांवर आडवी-उभी ठेवून डब्यात बसवा, कडा बाहेर दुमडा. त्याखाली आणखी एक चौपदरी घडी. कागद ओल शोषून घेतो आणि रिकामं करताना सगळं एका पुडक्यात बाहेर येतं. ओल्या कचऱ्याला प्लास्टिकची पिशवी लावू नका. पिशवीला बारीक भोक पडलं की रस पिशवी आणि डबा यांच्या मधे उतरतो. शिवाय प्लास्टिकसकट गेलेल्या कचऱ्याचं खत करताना कुणाला तरी ती पिशवी हाताने फाडावी लागते.

३. प्रत्येक वेळी वरून कोरडं काहीतरी टाका. मूठभर कोकोपीट, लाकडाचा भुसा, चुरलेला पालापाचोळा, काहीच नसेल तर फाडलेला कागद. गावाकडे चूल पेटत असेल, तर गार झालेली राख उत्तम. माशीला ओला पृष्ठभाग मिळाला नाही की तिला अंडी घालायला जागा उरत नाही.

४. ताटं लगेच निपटा. भांडी घासायला मावशी संध्याकाळी येणार असतील, तरी ताटातलं खरकटं जेवण उरकताच काढा आणि ताटावर तांब्याभर पाणी फिरवून ठेवा. घरमाशी दिवसा, उजेडात हिंडते आणि रात्री छताला, दोरीला बसून राहते. म्हणून दुपारच्या जेवणानंतरचा वेळ सर्वांत सांभाळायचा.

५. चोवीस तासांत कचरा घराबाहेर. रविवारी किंवा सणाला गाडी येत नसेल, तर आदल्या दिवशीच ओला कचरा कमी होईल असं बघा. शनिवारी कलिंगड कापायचं टाळता आलं तर टाळा.

६. डबा घंटागाडीच्या वेळेलाच बाहेर ठेवा. आदल्या रात्री ठेवला तर कुत्री-मांजरं तो सांडतात आणि उजाडताच माशा जमतात.

७. रिकामा डबा धुवा, आणि वाळवा. धुण्यापेक्षा वाळवणं जास्त मोलाचं. ओलाच डबा परत भरायला घेतला, तर धुतल्याचा निम्मा फायदा गेला. दोन डबे आलटून-पालटून वापरा : एक कामावर, दुसरा उन्हात पालथा. मे महिन्याचं ऊन फुकट मिळतं, त्याचा उपयोग करून घ्या.

पाणीटंचाई असेल तर डबा आधी कागदाने कोरडा पुसून घ्या. मग कपडे विसळलेलं शेवटचं साबणाचं पाणी दोन तांबे पुरेसं होतं. बिजागरी आणि झाकणाची आतली कड जुन्या टूथब्रशने घासा. धुतलेलं पाणी रस्त्यावर किंवा जिन्यात न ओतता मोरीत सोडा.

सुक्या कचऱ्यातही अळ्या होतात

दुधाची पिशवी, दह्याचा डबा, आइस्क्रीमचा कप, मासळी बांधून आलेली पिशवी, पिझ्झाचं खोकं हे सगळं "सुकं" म्हणून आपण तसंच टाकतो. सुका कचरा आठवड्यातून एकदा-दोनदाच जात असेल, तर त्या पिशवीतल्या चार थेंब दुधावर माशीची एक पिढी निभावते. दुधाची पिशवी अर्ध्या वाटी पाण्याने आतून विसळा, ते पाणी झाडाला घाला, पिशवी दोरीला चिमट्याने लावून वाळवा आणि मगच टाका. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नका. तो बारीक तुकडा सुक्या कचऱ्यातून वेचता येत नाही.

आंबा, फणस, कलिंगड

उन्हाळ्यातली अर्धी अडचण या तीन फळांची आहे, कारण साल जाड, रस गोड आणि कचऱ्याचं आकारमान मोठं. तरीही हीच सालं सर्वांत सहज आवरता येतात.

कलिंगडाची सालं बोटभर रुंदीचे तुकडे करून गच्चीत, पत्र्यावर किंवा जुन्या सुपात पसरा. कडक उन्हात ती एक-दोन दिवसांत आक्रसून मूठभर होतात, मग त्यांना ना वास येतो ना माशी. गच्ची नसेल तर गॅलरीच्या कठड्याआतली उन्हाची पट्टीही पुरते. फक्त वर जुनी मच्छरदाणी किंवा जाळीची टोपली पालथी घाला. आंब्याच्या साली आणि कोयींचंही तसंच. आमरस काढल्यावर कोयी एका पातेलीत पाण्यात चोळून ते पाणी आपण रसात घेतोच. त्यानंतर कोयी ओल्याच डब्यात न टाकता उन्हात टाका.

फणस घरी फोडणार असाल, तर घंटागाडीच्या दिवशी सकाळी फोडा. दुपारी फोडून सालं रात्रभर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर काळं मोहोळ बसल्यासारख्या माशा दिसतील. गावात कुणाकडे गाय-म्हैस असेल तर कलिंगडाची, फणसाची ताजी सालं त्यांना विचारून द्या. पिशवीत बांधून रस्त्याकडेला ठेवू नका. जनावर पिशवीसकट खातं आणि ते प्लास्टिक त्याच्या पोटात राहतं.

चिलटांसाठी एक सापळा चालतो. वाटीत थोडं व्हिनेगर, पिकलेल्या आंब्याचा छोटा तुकडा आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. साबणामुळे वाटीतल्या द्रवाचा पृष्ठताण मोडतो आणि चिलटं बुडतात. पण टोपलीतलं नासकं फळ काढलं नाहीत, तर असे दहा सापळेही कमी पडतील.

मासळी, कोंबडी, अंडी

खवले, आतडी, कोळंबीची टरफलं, हाडं यांना चोवीस तासांचा नियम लावू नका. इथे तुमच्या हातात काही तासच असतात.

- मासळी बाजारातच साफ करून, कापून घ्या. कोळीणमावशी बहुतेक ठिकाणी करून देतात. थोडे पैसे जास्त पडले तरी ते वसूल होतात.
- घरी साफ करणार असाल तर उरलेलं लगेच कागदात गुंडाळा, एका झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडी आली की बाहेर काढा. ऐकायला विचित्र वाटतं, पण माझ्या माहितीतला सर्वांत खात्रीचा उपाय हाच. त्या डब्यावर खूण करून तो याच कामाला ठेवा.
- फ्रीजर नसेल तर जाड कागदाची दुहेरी पुडी करा, आत मूठभर राख किंवा मीठ टाका आणि डब्यात सर्वांत खाली, कोरड्या कागदाखाली ठेवा.
- परसात जागा असेल तर हातभर खोल खड्डा करून पुरा, माती पायाने नीट दाबा आणि वर दगड ठेवा. भुसभुशीत मातीतून माशा वर येऊ शकतात आणि कुत्री उकरतात.
- अंड्याची टरफलं विसळून टाका.

डायपर, पॅड आणि घरातलं जनावर

बाळाच्या डायपरमधली शी आधी संडासात टाका, मग डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधा. सॅनिटरी पॅडही कागदात गुंडाळून, वरून ओळखू येईल अशी खूण करून वेगळे द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने त्यासाठी पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. ठिपका दिसला की पुडी उघडून बघायची वेळ कुणावर येत नाही. तुमच्या गावात अशी मोहीम नसली तरी लाल पेनाचा ठिपका तुम्ही आजपासून काढू शकता.

घरात कुत्रा-मांजर असेल तर त्याचं उरलेलं अन्न वाडग्यात पडू देऊ नका. आणि उन्हाळ्यात त्याच्या अंगावर जखम असेल, तर ती रोज पाहा. काही माशा जखमेतही अंडी घालतात. जखमेत अळ्या दिसल्या तर घरगुती इलाज न करता पशुवैद्याकडे न्या.

अळ्या झाल्याच, तर

घाबरून डबा तसाच कचराकुंडीत उपडा करू नका. त्या तिथे जिवंत राहतात आणि आठवड्याने माशा होऊन परत येतात.

१. हातमोजे घाला किंवा हाताला पिशवी बांधा. डबा घराबाहेर किंवा मोरीत न्या. मुलांना लांब ठेवा.
२. उकळतं पाणी डब्यात कडेकडेने ओता, झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. पातळ प्लास्टिकचा डबा उकळत्या पाण्याने वाकतो आणि फुटूही शकतो. तसा डबा असेल तर आतला ऐवज आधी जुन्या पातेल्यात काढा आणि पाणी त्यावर ओता.
३. निवल्यावर पाणी जुन्या फडक्यातून गाळून मोरीत सोडा. गाळ कागदात बांधून ओल्या कचऱ्यात द्या.
४. डबा, झाकण, बिजागरी साबणाने घासा आणि दिवसभर उन्हात ठेवा.
५. डब्याची जागा, भिंतीची सांद, कपाटाखाली झाडून पुसून घ्या. गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष दिसले तर तेही गरम पाण्यात टाका. ही पायरी लोक विसरतात आणि आठ दिवसांनी "एवढं करूनही माशा कशा" म्हणून पुन्हा विचारायला येतात.
६. शेवटी हात साबणाने धुवा. माशीच्या पायांवरून जुलाब, हगवण, टायफॉइड यांचे जंतू अन्नावर येतात. अळ्या आवरणं जितकं गरजेचं, तितकंच ओट्यावरचं अन्न झाकून ठेवणंही.

हे मात्र करू नका

- ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीही नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.
- रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. आगीचा धोका आहे आणि तो कचरा खतालाही निकामी होतो.
- डासांचा-झुरळांचा फवारा डब्यात मारू नका. कचऱ्याच्या आत दडलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही, मात्र कचरा उचलणाऱ्याच्या हाताला आणि श्वासाला लागतो.
- बाजारात सुटं मिळणारं कीटकनाशक घरी आणू नका. पूर्वी माश्यांवर सर्रास वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कुणी बाटलीत ओतून देत असेल तर घेऊ नका.
- फिनेल फरशीसाठी ठीक. कचऱ्यावर ओतलं तर वास झाकला जातो, ओल वाढते.
- कापूर, लवंग, कडुलिंबाचा धूर यांनी माशा थोडा वेळ बाजूला होतात. ओला कचरा तसाच असेल, तर त्या परत येतात. आवडत असेल तर जरूर लावा, त्यावर विसंबू नका.

खताच्या डब्यात अळ्या दिसल्या तर

इथे घाईने निर्णय घेऊ नका. अळी चपटी, राखाडी-तपकिरी, दोन सेंटीमीटरपर्यंत मोठी आणि जाड कातडीची असेल, तर ती बहुधा काळ्या सैनिक माशीची आहे. ही माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही आणि आपल्या अन्नावर बसायला घरात येत नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने खाऊन संपवतात. त्यांना राहू द्या. डोळ्यांना बघवत नसेल तर वर कोकोपीटचा दोन बोटांचा थर द्या.

अळ्या पांढऱ्या, बारीक आणि टोकदार असतील आणि वासही येत असेल, तर डबा फार ओला झाला आहे. आठ दिवस नवा कचरा घालू नका, कोरडा पाला किंवा कोकोपीट मिसळून खालपर्यंत हलवा, डब्याची भोकं मोकळी करा. शिजवलेलं रस्सेदार अन्न, दही, मासळी नवख्यांनी खताच्या डब्यात घालू नये. मिश्रण मुठीत दाबलं तर बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. हीच त्याची परीक्षा.

सुट्टीत गावी जाताना

एका मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात गेलो. निघण्याच्या गडबडीत डब्यात दोन कोयी राहिल्या. परत आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीची काच माशांनी काळी झाली होती. आठ दिवसांत अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा फेरा आमच्या बंद घरात पुरा झाला होता. तेव्हापासून कुलूप लावण्याआधी मी चार गोष्टी बघते : दोन्ही डबे रिकामे आणि धुऊन उघडे पालथे, सिंकची जाळी साफ, फळांची टोपली रिकामी, फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे कोरडा. तुम्हीही दाराच्या आत ही यादी लावून ठेवा.

सोसायटी, चाळ आणि घंटागाडी : तुमचा हक्क, तुमचं काम

घरचा डबा कितीही नीट ठेवला आणि जिन्याखालचं पिंप महिनाभर धुतलं नाही, तर माशा तुमच्याच खिडकीतून येणार. सोसायटीच्या सभेत तीन गोष्टी लिहून ठरवून घ्या : पिंपं कोण धुणार, आठवड्यातून कोणत्या वारी, आणि त्या माणसाला हातमोजे, ब्रश, पाणी आणि वेगळे पैसे कोण देणार. "वॉचमन बघेल" असं ठरलं की ते काम कुणाचंच राहत नाही.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली, आणि त्यात झोपडपट्ट्या व अनौपचारिक वस्त्याही स्पष्टपणे धरल्या. "तुमची वस्ती अधिकृत नाही" म्हणून गाडी नाकारली जात असेल, तर हे सांगा. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातही केरकचरा उचलणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे. आपल्या बाजूने आपल्याला ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक कचरा वेगळा द्यावा लागतो. तो रस्त्यावर, नाल्यात टाकता किंवा जाळता येत नाही. मिसळलेला कचरा दिला, तर दंड होऊ शकतो.

गाडी सलग आली नाही, तर

- तारखा लिहून ठेवा आणि साचलेल्या कचऱ्याचा फोटो काढा.
- प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाकडे, नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षकाकडे, गावात ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- केंद्र सरकारच्या 'स्वच्छता' ॲपवर गाडी न आल्याची, साचलेल्या ढिगाची किंवा मेलेल्या जनावराची तक्रार फोटोसह करता येते.
- एकट्याने करण्यापेक्षा मजल्यावरच्या पाच-सहा घरांनी मिळून अर्ज द्या.
- काही महापालिका सोसायटीत गांडूळखत प्रकल्प असेल तर मालमत्ता करात सवलत देतात. तुमच्याकडे आहे का, ते कर विभागात विचारा.

तक्रार करताना एक भान ठेवा. गाडीवरचे दादा आणि कचरा उचलणाऱ्या ताई यांच्या हातात वेळापत्रक नसतं. त्यांच्यावर ओरडून गाडी वेळेवर येत नाही. गाडी उशिरा का येते, हे सर्वांत खरं तेच सांगू शकतात, म्हणून आधी त्यांना विचारा, मग कार्यालयात जा. आणि उद्या सकाळी डबा देताना त्यात काच, ब्लेड, सुई किंवा उघडं डायपर नाही ना, हे एकदा बघून घ्या. बऱ्याच ताई अजूनही उघड्या हातांनी तो कचरा निवडतात.